वाटा

संध्याकाळच्या लिलावात, ऐन गर्दीत, फोन आला.
एका कानात पोरगी, पुण्याहून,
दुसऱ्या कानात पाचशे, पाचशे वीस, साडेपाचशे,
पायाखाली बर्फाचं पाणी.
रसिका म्हणाली, आई, गणपतीला एकटी नाही येणार,
पार्टनरला आणीन.

मी म्हटलं, आण की.
धंदा काढलास आणि कळवलं नाहीस?
किती टक्के तुझे?

पलीकडे नुसता वारा.
मग हसली. मग हसायची थांबली.

आमच्या हर्णैत हा शब्द जुना आहे.
तिच्या बापाच्या होडीला चार पार्टनर:
एकाचं इंजिन, एकाची जाळी,
एकाचा सोसायटीत वशिला,
आणि तिच्या बापाचं नुसतं अंग.
म्हावरं विकलं की आधी डिझेल वजा, मग बर्फ,
मग अर्धं होडीचं,
उरेल त्याचे वाटे माणशी.
इंजिन बसलं त्या साली
चारांतला एकच पार्टनर राहिला,
बाकीचे ओळखीचे झाले.

पत्त्यांतला वेगळा. तो समोर बसतो, शेजारी नाही,
आणि त्याची पानं आपल्याला दिसत नाहीत.
दत्तारामने हातची मेंढी घालवली म्हणून
माझा दीर त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता.
दापोली स्टँडवरचा रिक्षावाला तर
नाव माहीत नसलेल्या सगळ्यांनाच पार्टनर म्हणतो,
सुट्टे नसले की जास्तच.

आणि रुकय्या.
बावीस वर्षं एक टेम्पो, एक काटा,
बर्फाच्या दोन पेट्या. कागद एकही नाही.
तिच्या ईदला मंडणगडचा बाजार मी एकटी करते,
माझ्या गौरीला ती.
दोनदा भांडलो. एकदा सुरमईवरून,
एकदा कशावरून ते दोघींनाही आठवत नाही,
पण तेच मोठं होतं.
नवरा गेला तेव्हा तेराव्यापर्यंत
रोज रात्री अर्धे पैसे घेऊन ती दारात.
मी म्हटलं, मी बाजारात पाऊल नाही ठेवलं,
हे माझे नाहीत.
ती म्हणाली, मोजून घे.

बँकेच्या फॉर्मात 'नाते' असा रकाना होता.
साहेबाने विचारलं, कोण तुमच्या ह्या?
बहीण तर दिसत नाही. शेजारीण लिहू?
दोघी एकदमच म्हणालो, पार्टनर.
त्याने 'इतर'वर खूण केली.

ह्यातलं काही फोनवर बोलले नाही.
ती म्हणाली, आई, धंद्याचं नाही गं.
मी म्हटलं, मग कसा आहे?
ती फार हळू म्हणाली,
कसा नाही. कशी.

तेव्हा ध्यानात आलं:
वर्षभर पार्टनरला, पार्टनरच्या, पार्टनरशी,
ला-च्या-शीच्या आडोशाने चालत होती पोरगी.
आता एका वेलांटीला धरून
उघड्यावर उभी.

समोर पापलेटाचा ढीग सहाशेवर गेला,
मी बोली लावायची विसरले.
रुकय्याने माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि दोघींच्या वतीने बोट वर केलं.

काय वाटलं, ते नका विचारू.
वाटणं दोन तऱ्हेचं. एक आतलं,
ते मला अजून नीट जमत नाही.
दुसरं पाट्यांतलं. ते जमतं.
म्हणून विचारलं, भांडता का?
हो.
खर्च?
अर्धा अर्धा.
तू आजारी पडलीस तर रांधतं कोण?
ती.
मासे खाते?
कोळंबी खाते. काटे काढून दिले तर बांगडापण.

मग गौरी जाईपर्यंत थांबावं लागेल तिला, म्हटलं,
आधी घरात म्हावरं शिजत नाही.
पलीकडून काही उत्तर आलं नाही,
नाक ओढल्याचा आवाज आला.

रुकय्याने विचारलं, कोण येतंय?
रसिकाची, म्हटलं,
आणि पुढचा शब्द, रोज तोंडात असलेला,
जरा अडला.
ती पाटी उचलायला वाकली होती.
धर एका बाजूने, म्हणाली.