सहावा रकाना

शुक्रवारी शाळा सुटली की
मी कार्यशाळेतली पिंपं तोलते.
एमडीएफचा भुसा नऊ किलो.
अ‍ॅक्रिलिक साडेतीन: कानातली कापून झाल्यावर
उरते ती जाळी, भोकाभोकांची, अजून चकचकीत.
पाइनचे तुकडे वेगळे, ते सातवीला लागतात.
याला पुस्तकात शाश्वतता म्हणतात.
माझ्या आईच्या घरी हेच चालायचं,
फक्त नाव नव्हतं, आणि गुणही नव्हते.

प्रकल्पाच्या कागदावर सहा रकाने.
कच्चा माल कुठला.
घडवला कसा.
ऊर्जा किती लागली (अंदाज चालेल).
वापरणार कोण.
टिकणार किती.
आणि शेवटी: आयुष्य संपल्यावर वस्तूचं काय होणार.
सहाव्यात सगळ्यांचं एकच उत्तर, पुनर्वापर.
प्रोसर सर लाल पेनने विचारतात:
कसा? कुठे? न्यायला कोण येणार?

जानेवारीत गेथिनने
मोज्यात गुंडाळून काहीतरी आणलं.
बिस्किटाएवढी चकती, तिला बोटभर देठ.
पोलाद. खरखरीत, कडेला निळी झाक.
भट्टीवर याला लॉलीपॉप म्हणतात, तो म्हणाला.
उकळत्या रसात साचा बुडवून काढतात,
मग तपासायला पाठवतात,
कार्बन किती, गंधक किती.
हा शेवटच्या दिवसाचा.
हा कोणी पाठवलाच नाही.

(त्याचा बाप आता सुपरमार्केटची व्हॅन चालवतो.
हे गेथिनने नाही सांगितलं.
दर मंगळवारी माझे बटाटे तोच आणतो.)

बेत साधा होता:
देठाला भोक, भोकात कडी, कडीत किल्ल्या.
मी कोबाल्टचं ड्रिल काढून दिलं,
कापायचं तेल दिलं,
ओरखडा नको म्हणून शेगड्यात
चकतीच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी लावली.
तो गॉगल चढवून उभा राहिला.
दांड्यावर हात.
पलीकडे नेरिस अ‍ॅक्रिलिक वाकवत होती,
तापल्या प्लास्टिकचा तो गोडसर, डोकं धरणारा वास.
तास संपला.
पुढच्या आठवड्यात तेच.
त्याच्या पुढच्या आठवड्यात मशीन मी बंद केलं.

नाही पाडायचं?

नाही.

मग त्याने चकतीसाठी बैठक केली.
जुनी प्रयोगशाळा पाडली तेव्हाची
टेबलाची फळी माझ्याकडे पडून होती,
आफ्रिकेतलं इरोको, वरून काळं ठिक्कर,
कित्येक वर्षं आम्लाचे थेंब प्यायलेलं,
खालून च्युइंगमचे दगड.
रंधा फिरला तशी आतून मधाच्या रंगाची निघाली.
शीर उलटी होती, दोनदा पातं अडकलं.
दोन सांधे. एक बसला.
दुसऱ्यात फट. ती भुसा आणि गोंद
कालवून लिंपायला मीच शिकवलं,
परीक्षकाला दिसू नये म्हणून.
परीक्षकाला दिसतंच.
चूक दोन मिलिमीटर, मुभा अर्ध्याची.

सहावा रकाना मार्चपर्यंत कोरा.
पोलाद कितीही वेळा वितळवता येतं,
पुस्तकात आहे, आणि खरं आहे.
आमच्या आबरवेनचं भंगार जहाजात बसून जातं,
भट्ट्या पेटत्या आहेत तिकडे.
एवढं लिहिलं असतं तरी दोन गुण होते.
त्याने लिहिलं:
लाकूड जाळता येईल, गोंदाचा भाग सोडून.
चकती द्यायची नाही.

सरांनी लाल पेन उघडलं,
टोपण लावलं,
पुन्हा उघडून बारीक अक्षरात लिहिलं: कारण द्या.
त्याने दिलं नाही.
दोनातला एक गुण.

मंगळवारी बटाटे आले.
पोरगं सुतार होतंय म्हणे, बाप म्हणाला,
दारात पाऊल न टाकता.
इरोको कठीण असतं, मी म्हटलं.
त्याने मान हलवली
आणि मागच्या खेपेच्या रिकाम्या पिशव्या मागितल्या.
हल्ली त्या परत घ्याव्या लागतात त्याला, मोजून.
एक कमी भरली.