गोणीवरची खूण

सकाळी सव्वाआठला फेर्लुगांच्या दंडातून
पन्नास मिली रक्त काढलं,
सिरिंज स्टँडवर उभी करून ठेवली.
आता तासभर काही करायचं नाही.
लाल पेशी जड, त्या आपसूक खाली बसतात;
ताकावर निवळी यावी तसं
पिवळसर पाणी वर येतं, आणि त्यात
ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या पांढऱ्या.

बाहेर बोरा सुटलाय. त्रिएस्तेत या वाऱ्याला
नावानं हाक मारतात, शिव्याही नावानंच देतात.
चढाच्या गल्ल्यांत पूर्वी दोर बांधायचे,
माणसांना धरून चालायला.
फेर्लुगा म्हणतात, "मी कधी दोर धरला नाही."
मग जरा ओशाळून, "खुबा बदलायच्या आधी."

वय एकोणऐंशी. चार महिने ताप,
रोज संध्याकाळी, चहाच्या वेळेला येणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
साऱ्यांचं बोट त्या खुब्याकडे,
सहा वर्षांपूर्वी बसवलेल्या धातूच्या दांड्याकडे.
एक्स-रे म्हणतो, असेल. सीटी म्हणतो, सांगवत नाही.
शरीर ताकाला तूर लागू देईना.
सर्जननं तारीख धरून ठेवलीय, पुढचा गुरुवार:
सांधा उघडायचा, दांडा उपसून काढायचा.

मी काचेआड, हातमोज्यांत,
पांढऱ्या पेशींना इंडियमची खूण लावते.
हळू. अजून हळू.
हिसका बसला तर त्या बिथरतात,
फुप्फुसातच ठाण मांडतात, पुढे सरकत नाहीत.
मला शिकवणारी डोरोतेआ म्हणायची,
झोपलेलं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात
तशी पिपेट धर, नेव्हिया.
मला मूल नाही.
पिपेट धरता येते.

लेबल: नाव, जन्मतारीख, वेळ.
दोनदा मी वाचायचं, तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून वदवायचं.
ज्याचं रक्त त्याच्याच शिरेत.
"मीही हेच केलं," ते दंड पुढे करत म्हणाले,
"बंदरावर. कॉफीच्या गोण्यांवर खुणा.
पत्र्याचा साचा, काळा रंग: देश, लॉट, वजन.
पुढे ती गोणी कुठे गेली, कोण प्यायलं, कळायचं नाही."
मी सुई टोचत म्हटलं, ह्या कुठे जातात ते उद्या कळेल.

"मग चाखायला बसवलं. चमचाभर तोंडात,
सुर्रकन ओढायची, घोळवायची, थुंकायची.
बत्तीस वर्षं.
आता प्रत्येक कॉफीला गंज लागलाय.
मुलीला सांगितलं, दोन डॉक्टरांना सांगितलं.
वय झालं म्हणाले."
मी मान हलवली. लिहिलं मात्र नाही.
आमच्या फॉर्मवर चवीचा रकाना नाही.

चार तासांनी: प्लीहा, यकृत. तिथं त्या नेहमीच उतरतात,
प्रवासातल्या धर्मशाळा.
रात्रभर वारा खिडक्या ठोठावत राहिला
आणि कुठेतरी त्या म्हाताऱ्या अंगात
माझ्या खुणेच्या पेशी
पत्ता कुणाला न विचारता चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांचं चित्र.
पांढऱ्या पेशी पडद्यावर काळ्या दिसतात;
नव्यांना हे नेहमी समजावून सांगावं लागतं.
मी आधी खुबा बघितला, सगळे बघतात.
डावीकडे जसा, तसाच उजवीकडे.
एकही थांबलेली नाही.
दांड्याभोवती नुसती शांतता.
मग पाठीचा कणा. मग छाती.
मग, उगाच, सवयीनं, वर डोक्याकडे,
आणि उजव्या खालच्या जबड्यात
मसुराएवढा ठिपका.
काळाकुट्ट. गर्दी करून उभ्या होत्या तिथं.
गावाला वळसा झाला होता चार महिने.

निकाल सांगायचा अधिकार माझा नाही.
तो डॉक्टर सांगतील, दाताचे डॉक्टर मुळाशी जातील,
गुरुवार रद्द होईल.
मी फक्त त्यांना टेबलावरून उठताना हात दिला
आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूनं चावता?"

ते थांबले.
जीभ गालाच्या आत फिरताना दिसली मला,
उजवीकडे गेली, थबकली.
"गंज," ते म्हणाले.
मी काही बोलले नाही.

जेवणाच्या सुट्टीत मशीनची कॉफी घेतली,
पन्नास सेंटची, जळकी.
पहिल्यांदाच लगेच गिळली नाही.