टीप क्रमांक सदतीस

दोनशे अठरा पानांच्या वार्षिक अहवालात
माझा प्रबंध राहतो पान एकशे एकाहत्तरवर,
तळाशी, मुंगीच्या अक्षरांत:
‘संभाव्य देणी.
कंपनीने कर्ज म्हणून मान्य न केलेले दावे.’
चार कोटी सत्तावीस लाख.
पुढचं पान उलटलं की
हिरवळीवर हसणाऱ्या मुलांचा फोटो.

दस्तूर मॅडम म्हणाल्या, विषय लहान ठेव.
भांडवलाची रचना, कर्जाचं प्रमाण, पाच वर्षांचा परतावा,
एवढं पुरे. टीपा कोण वाचतं?
मी म्हटलं, मी वाचते.
त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली,
निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाची सही,
अर्धी कागदावर, अर्धी हवेत.

ट्रॉम्बेला झेरॉक्सच्या दुकानावर माळा आहे,
माळ्यावर संस्था.
लोखंडी जिना, चपला खालीच काढायच्या.
खिडकीतून खाडी दिसते, ओहोटी लागलेली,
आणि चिखलावर मोरपिसासारखा
चमकणारा तवंग.
चांगुणाबाई वैती म्हणाल्या, दाव.
मी आकड्यावर बोट ठेवलं.
माशाचा कल्ला उचलून बघावा
तसं त्यांनी पान उचलून बघितलं.
‘यात माझं खाजण कुठं हाय?’
या साताच्या मागे कुठेतरी, मी म्हटलं.
‘आणि मान्य न केलेलं म्हंजे?’
म्हणजे कंपनी म्हणते, आम्ही देणं लागत नाही.
‘मंग लिवलंय कशाला?’

हे माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक आहे.
फक्त तिथे ते मला इंग्रजीत,
अकरा शब्दांत लिहावं लागलं.

जूनमध्ये मी शेअर घेतला. एक.
तीनशे बेचाळीस रुपये साठ पैसे, वर दलाली.
डिमॅटच्या फॉर्मात विचारलं होतं,
गुंतवणुकीचा उद्देश?
निवृत्ती, घर, मुलांचं शिक्षण.
‘प्रश्न विचारणे’ असा पर्याय नव्हता.
मी ‘दीर्घकालीन वृद्धी’वर खूण केली.
ऋत्विज म्हणाला, घ्यायचाच होता तर बँकेचा घ्यायचास.

वार्षिक सभा पडद्यावर होती.
माझ्या आधी माटुंग्याचे एक काका, चार हजार शेअर्सवाले,
अहवालाचा कागद गुळगुळीत आहे म्हणून अभिनंदन,
आणि पूर्वी सभेनंतर वडा मिळायचा, पेढा मिळायचा,
ते पुन्हा कधी सुरू करणार?
अध्यक्ष दिलखुलास हसले.
मग, वक्ता क्रमांक एकोणीस.
माझ्या हातात दोन पानं होती, गुणोत्तरं, तक्ता.
माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात न येणाऱ्या कोपऱ्यात,
चौघीजणी सतरंजीवर.
तोंडातून निघालं ते एवढंच:
टीप सदतीस. मान्य नसेल तर लिहिलंय कशाला?

सहा सेकंद.
मी नंतर ध्वनिफीत लावून मोजले.
मग, धन्यवाद मॅडम, उत्तम प्रश्न,
सचिव आपल्याला लेखी कळवतील.
आणि माझा आवाज त्यांनी बंद केला.

लेखी उत्तर तीन ओळींचं आलं,
त्यातल्या दोन ओळी पत्त्याच्या.
तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं,
हे संशोधन आहे की मोर्चा?
दस्तूर मॅडम माझ्याआधी बोलल्या:
‘तळटीपा तपासल्यात मी. सगळ्या बरोबर आहेत.’
बी प्लस.

सप्टेंबरात लाभांश आला,
साडेचार रुपये.
खालच्या दुकानात पानाला दोन रुपये घेतात.
पान एकशे एकाहत्तरच्या दोन प्रती काढल्या.
एक वकील परेरांच्या फायलीत गेली.
दुसरी चांगुणाबाईंनी चार घड्या करून
बटव्यात ठेवली, सुपारीशेजारी,
आणि म्हणाल्या, आता हा कागद माझ्यापाशी मान्य हाय.

उरलेले पन्नास पैसे खात्यात आहेत.
त्यांचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.