वारा एकोणीस

अठराच्या वर वारा गेला की घुमट मिटायचा,
हा इथला नियम.
आज एकोणीस. मधूनच एकवीस.
तालतालच्या वरचा हा लाल, बोडका डोंगर,
आरसा झाकून ठेवलेला परातीसारखा,
आणि पडद्यांसमोर एदेल्मिरा चोके
भाजलेला मका दातांनी फोडत.

घुमट मिटण्याआधी तीन तास मिळाले होते.
तेवढ्यात एक ग्रह आपल्या सूर्यापुढून सरकला
आणि त्याच्या कडेच्या हवेतून गाळून आला
थोडा उजेड,
चाळणीखाली पडलेल्या पिठाएवढा.

कॉन्सेप्सिओनहून आलेला रेनातो
तो उजेड पुन्हा पुन्हा उलगडतो.
मिथेन कुठाय?
पहाटेच्या कडेला येते ती रात्रभर निवलेली हवा,
तिथे तरी कार्बनने
हायड्रोजनचा हात धरायला हवा होता.
हिशोबात आहे. ग्रहावर नाही.
माझंच काहीतरी चुकतंय.

तू वारा धरला नाहीस, ती म्हणते.

तिथे दिवस उगवत नाही, मावळत नाही.
एका अंगाला कायमची दुपार,
दुसऱ्या अंगाला कायमची रात्र,
आणि दोन्हींतून वारा, सेकंदाला तीन किलोमीटर.
आपण एकोणीस मीटरला दार लावून बसलोय.
दुपारी वाळूची वाफ होते,
वरच्या थरात पाणी तुटतं,
कार्बन ऑक्सिजनला घट्ट बिलगतो.
वारा त्यांना तसंच उचलतो
आणि रात्रीत नेऊन टाकतो
अंगावरच्या कपड्यांनिशी.
तिथे जुनं सोडायचं, नवं जोडायचं, मिथेन व्हायचं,
तर त्या गारठ्यात वर्षं लागतात.
वारा दोन दिवसांत
पुन्हा दुपारच्या उंबरठ्यावर आणून सोडतो.
व्हायचं ते होईपर्यंत
थांबायला मिळतं कुणाला?

रेनातो लिहून घेतो.
बाकीचं ती सांगत नाही:
तांब्याच्या भट्टीखालची वसाहत,
दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की
आई ग्रेगोरिया ओरडायची, खिडक्या!
दाराच्या फटीत ओलं फडकं,
तरी जिभेवर काड्यापेटीची चव.
शाळेच्या फळ्यावर गंधकाचं समीकरण सरळ होतं,
डावीकडून उजवीकडे, मध्ये बाण.
कुणाच्या छातीत जाऊन संपायचं
ते बाणावर लिहिलेलं नव्हतं.

बाप फाउस्तिनो. सीमेपलीकडून,
मिठाच्या पठाराकाठच्या गावातून
सहा महिन्यांसाठी आला, एकतीस वर्षं राहिला.
पगार पेसोत, भांडण स्पॅनिशमध्ये,
पण नोटा मोजायचा क्वेचुआत,
ओठ जेमतेम हलवत: हुक, इस्काय, किम्सा.
हवा पालटली, प्रमाण तेच राहिलं.
एकदा गावी गेला तर तिथली पोरं
त्याला चिलेवाला म्हणाली.
तो हसला म्हणे. आईने सांगितलं, हसला नव्हता.

साडेचारला वारा सोळा.
घुमट कुरकुरत उघडतो, पण ग्रह कधीच
आपल्या सूर्यावरून उतरलाय,
सूर्य डोंगराआड.
थर्मासात कोकाच्या पानांचा चहा, घोटभर, गार.
रेनातोने गणितात वारा घातला
आणि मिथेनची उंच कमान
उतू जाणारं दूध फुंकरीने खाली बसावं
तशी बसली.
त्याला आनंद झालाय. तो कुणाला तरी उठवायला फोन शोधतोय.

नोंदवहीत, शेऱ्याच्या रकान्यात, ती लिहिते
मिथेन: नाही.
मग मध्ये, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात
एक शब्द घुसवते: अजून.

दार ढकलून बाहेर येते.
दातात मक्याचं टरफल अडकलेलं.
पश्चिमेकडे तोंड करून श्वास घेते,
सवयीने
आधी थोडासाच.