क्रमांक एकशे सतरा

मढच्या मच्छीमार सोसायटीची आतली खोली.
भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना, त्याच्या घरघरीने
टेबलावरचा पितळी गणपती
रोज थोडा डावीकडे सरकतो.
संध्याकाळी निघताना मी त्याला जागेवर आणते.

चार तक्ते आहेत माझ्याकडे:
बोटी, डिझेल, खलाशी, खेपा.
आधीच्या पोराने करून ठेवलेले, सुटे सुटे,
एका घरात राहून न बोलणाऱ्या जावांसारखे.

चेअरमन धर्माजी म्हणाले, "जोडून टाक गो."
जोडायचं म्हणजे
एका चौकटीतलं नाव माउसने धरायचं,
ओढत दुसऱ्या चौकटीत न्यायचं, सोडायचं.
मधे रेघ येते. तिच्या एका टोकाला एक,
दुसऱ्या टोकाला आडवा झोपलेला इंग्रजी आठ,
म्हणजे कितीही.

बोट आणि डिझेल लगेच जुळले.
बोट आणि खलाशी थेट जुळेनात:
एका बोटीवर आठ जण, आणि त्यातलाच एखादा
पुढच्या हंगामात भलत्याच्या बोटीवर.
अशा दोघांत तिसरा लागतो,
सोयरीक जमवणाऱ्या मामासारखा.
तो मामा म्हणजे खेपा. तिला दोन्हीकडचे नंबर ठाऊक.

आणि तिथेच मशीन अडलं.
रेघ घेईना. म्हणे, आधीची माहितीच नियम मोडते.

दोन दिवस शोधलं.
तेवीस खेपांत खलाशी नंबर ११७,
आणि खलाश्यांच्या तक्त्यात
११६ नंतर थेट ११८.
कुणीतरी, कधीतरी, ओळ निवडून पुसली होती.
तेव्हा रेघच नव्हती. अडवणार कोण?

सोपं होतं.
त्या तेवीस ओळीही पुसल्या असत्या
तर रेघ गुपचूप आली असती.
बर्फ वितळतो, त्याची पावती कोण मागतं?

मी तेवीस तारखा कागदावर उतरवून जेट्टीवर गेले.
हरेश्वर तांडेल जाळं शिवत होता, दोरा दातात.
एकशे सतरा? नंबर त्याने कधी ऐकलाच नव्हता.
बोट सांगितली. तारखा वाचल्या.
नारळी पुनवेनंतरची पहिली खेप आली
तेव्हा त्याने दोरा तोंडातून काढला.

"त्यो लाडक्या. धोडी. तलासरीकडचा.
बर्फ फोडायचा.
सगल्यांच्या आधी थकायचा
आन् सगल्यांच्या मागून जेवायचा."
आता कुठे असतो?
"गेला."
कुठे, ते मी विचारलं नाही.
त्याने पुढची गाठ मारली.

आपोआप पडणारा नंबर मागे जात नाही.
एकशे सतरा परत द्यायचा तर आडवाटेने द्यावा लागतो.
दिला.
नाव: लाडक्या धोडी. गाव: तलासरी.
मोबाइल कोरा. वारस कोरा.
काम सोडल्याची तारीख, इथे कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.
तीही कोरीच ठेवली. मशीनची हरकत नव्हती.

धरलं, ओढलं, सोडलं.
रेघेआधी एक छोटा चौकोन आला:
मूळ ओळ पुसली, तर तिच्या मागचं सगळं
सोबत पुसायचं का?
त्यात मी खूण केली नाही.

आता कुणी एकशे सतराला पुसायला आलं
तर मशीन म्हणेल, नाही जमत,
याच्या तेवीस खेपा आहेत.

धर्माजींनी दारातून विचारलं, "झालं काय गो?"
झालं म्हटलं.
गणपती आज बोटभर जास्तच सरकला होता.