टंच

विट्याहून लेंगऱ्याला जाणाऱ्या एसटीत
मांडीवर फायली, फायलीत चाळीस प्रश्न,
प्रत्येकापुढे चार चौकटी:
अजिबात नाही, थोडंसं, बरंच, फार.
मिरजेच्या दवाखान्यानं शिकवून पाठवलंय:
उत्तर सुचवायचं नाही,
चेहऱ्यावर हो-नाही दिसू द्यायचं नाही,
आणि चहा एकाच घरी घ्यायचा.

महिपतीआप्पा ओट्यावर बसून होते.
चौतीस वर्षं नेल्लोरला, गलाईच्या गाळ्यात,
तेजाबाचा पिवळा धूर, वर एक झरोका,
तोही शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून बुजवलेला.
सोनं दुसऱ्यांचं, खोकला स्वतःचा.
"कशाचं मोजमाप हे?"
मी म्हटलं, जीवनाची गुणवत्ता.
"म्हंजे आयुष्याचा टंच काढाय आलीस व्हय!"
आणि हसता हसता एवढे खोकले
की शेवंताकाकू आतून तांब्या घेऊन आल्या,
न बोलावता, सवयीनं.

प्रश्न सात. चढ चढताना धाप लागते का?
"न्हाई."
आठ. जिना चढताना?
"न्हाई."
बारा. धापेमुळे आवडीचं काही सोडावं लागलं का?
"आवडीचं काय नव्हतंच."
शंभरात बावन्न निघाले. बरा आकडा.

मग बारा आठवडे व्यायाम.
श्वास नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडायचा,
दिव्याची वात हलावी पण विझू नये इतका सावकाश.
जन्मभर फुंकणीनं निखारे फुलवलेल्या माणसाला
मी, तेवीस वर्षांची, फुंकर शिकवत होते.
दोन खेपा त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले,
"जोरात फुंकाय समद्यांनी शिकवलं.
हळू कुणी शिकवलंच न्हाई."

तेराव्या आठवड्यात पुन्हा तेच चाळीस.
सात. "व्हय, लागती."
आठ. "लई."
बेरीज केली. त्रेचाळीस.
पुन्हा केली. त्रेचाळीसच.
चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नव्हतं.
दिसलं असणार.

काकू म्हणाल्या, "अगं, तवा ह्येंनी
चढ बघितला तरी हुता का?
खाट ते मोरी, मोरी ते खाट.
धाप लागाय आधी हलाय लागतंय."
आता सकाळी टेकाडाच्या निम्म्यापर्यंत जातात,
तिथं एक दगड ठरलेला आहे, बसतात, येतात.
आणि गेल्या सोमवारी, कुणाला न सांगता, गच्चीवर.
अकरा पायऱ्या, कठडा नाही.
पवनचक्क्या बघायला.
गावी परतून सहा वर्षं झाली,
नुसत्या ऐकून होते.

आप्पा नखानं ओट्याची कड खरवडत होते.
"हे बघ बाय. कोण धा ग्रामचा जुना डाग आणतंय.
तेजाबात तांबं जातं, चांदी जाती,
हातात येतं आठ.
गिऱ्हाईक बोंबलतंय, माझं सोनं खाल्लं म्हणून.
वजन उतारलं, टंच चढला,
एवढंच समजावण्यात निम्मं आयुष्य गेलं माझं."

मिरजेत सरांनी आकडा बघितला,
खालावलाय, म्हणाले, आणि चष्मा पुसला.
मी दगड सांगितला, पायऱ्या सांगितल्या,
सोन्याचं तेवढं राहून गेलं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
पण अभ्यासात एकशे साठ माणसं आहेत,
प्रश्न आता मध्येच बदलता येत नाहीत,
आणि संगणकाला शेऱ्याच्या रकान्यातही
अंकच लागतो.
भरला.

एक मात्र कुठंच भरता आलं नाही.
त्या दिवशी निघताना आप्पांनी मला गच्चीवर नेलं,
दोनदा थांबून, ओठांचा चंबू करून.
वर वारा होता, फुकटचा, भरपूर.
उतरताना ते बसूनच
लहान पोरासारखे एकेक पायरी घसरत आले,
खाली काकू त्यांच्या चपला घेऊन, ओरडत.
पाचव्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं,
"उतरायचा प्रश्न न्हाई का गं त्यात?"
मी फाईल उघडली. वाऱ्यानं पानं पुढंमागं झाली.
नव्हता.