बेचाळीस अंश

चिनावलच्या शिवारातली माती,
केळीच्या दोन खोडांमधली.
एका पिशवीवर माझ्याच अक्षरात: ठिबकखाली, चार बोटं खोल.
दुसरीवर: ठिबकपासून वीतभर लांब.
वीतभरच.
पण तेवढ्यात मुलूख बदलतो.

ओलीतला तो सुडोमोनास,
ताटलीवर पोपटी झाक सोडत पसरणारा.
लोखंडाचा कण न् कण आधी उचलून घेतो,
शेजाऱ्याच्या अंगाला हात लावत नाही,
त्याची चूल तेवढी विझते.
कोरडीतला बॅसिलस
सुरकुतलेला, पिठाळ,
सांडग्यासारखा वाळून कडक झालेला.
दोघांना एका ताटलीत समोरासमोर बसवलं,
अठ्ठावीस अंशांवर.
तिसऱ्या दिवशी कडेपर्यंत पोपटी.
पाच ताटल्या, पाचही तशाच.
वहीत लिहिलं: सुडोमोनास सरस.
नेहेते सर म्हणाले, आता लिहायला बस.

मग मे महिना.
नव्या पाच ताटल्या कपाटात ठेवल्या त्या शनिवारी दुपारी
वीज गेली, ती सोमवारपर्यंत आली नाही.
फैजपूरच्या रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं.
निंबाने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं
तेव्हा कुलूपसुद्धा पोळलं त्याला.
कपाटातला पारा बेचाळीसवर.
पोपटी? टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, तोही मळकट.
बाकी सगळी ताटली सुरकुत्यांची.

निंबा अमळनेरकडचा. खांद्यावरून डोकावून म्हणाला,
"कोन जिकनं, ताई?"
मी म्हटलं, कुठल्या दिवसाचं सांगू?
तो हसला, आणि ताटल्या धुवायच्या का ते विचारलं.

नको म्हटलं.
वहीत 'सरस'वर काट मारली.
शेजारी अंश लिहिले, ओल लिहिली,
सामू आठ पूर्णांक दोन,
आणि एवढं लिहूनही चौकट अर्धी रिकामी राहिली.
किती खोल, किती वाजता,
आदल्या आठवड्यात खत कुठलं,
सावली कुणाची.

त्या रात्री भरंब्यांच्या बांधावर गेले.
अडीचला पंप लागला.
नळ्यांमधून आधी हवा फुसफुसली, मग थेंब.
बॅटरीच्या उजेडात ओलीचा काळा गोल
हळूहळू रुंदावत दोन बोटं सरकला.
त्या दोन बोटांत आत्ता कोण जागं होतंय,
कोण मागे हटतंय,
केळीच्या मुळाला कुणीच विचारलेलं नाही.

मी पिशवी उघडली.
नाव काय घालावं कळेना.
घड्याळ बघून वेळ घातली.